डॉक्सिजन कोड वाचतं, स्फिंक्स कोड चालवतं

"स्फिंक्स म्हणजे पायथनचं डॉक्सिजन." अंधेरी-पवईच्या ऑफिसांपासून इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या व्हायव्हापर्यंत हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं, की हल्ली मी ते पुरं होऊ देत नाही. दोन्ही ओपन सोर्स साधनं, दोन्ही प्रोग्रामचं डॉक्युमेंटेशन म्हणजे माहितीची पानं तयार करतात, दोन्हींतून एचटीएमएल निघतं आणि लाटेक या टाइपसेटिंग प्रणालीमार्गे पीडीएफही. साम्य एवढंच. बाकीचं साम्य गृहीत धरून लोक स्फिंक्स लावतात आणि मग दोन दिवस डोकं धरून बसतात.

डॉक्सिजन तुम्हाला येतं असं धरून चालतो. दिमित्री व्हान हेश यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला प्रकल्प. मुळात सी++ साठी, आता सी, जावा, पायथन, पीएचपी असं बरंच काही वाचतो. डॉक्सीफाइल ही सेटिंगची फाइल बनवायची, इनपुटचं फोल्डर द्यायचं, आतली फोल्डरंही वाचायला रिकर्सिव्ह चालू करायचं, आकृत्या काढणारं ग्राफव्हिज असेल तर त्याही मिळतात. पुढे.

स्फिंक्स २००८ मध्ये गेऑर्ग ब्रांडल यांनी आणलं, तेही पायथन भाषेच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनसाठी. ते डॉक्युमेंटेशन म्हणजे माणसांनी बसून लिहिलेली पानं: ट्युटोरियल, हाउ-टू, लायब्ररीची ओळख. म्हणून स्फिंक्सची सुरुवात तुमच्या कोडपासून होतच नाही, तुम्ही लिहिलेल्या मजकुरापासून होते. क्विकस्टार्ट ही तयार सांगाडा देणारी कमांड चालवली, एचटीएमएल बनवलं, तर एक जवळजवळ कोरं पान मिळतं. त्यात एकही फंक्शन नसतं. यावर "स्फिंक्स चालत नाही" अशी तक्रार येते. चालतंय हो! तुम्ही काही लिहिलंच नाही, तर ते दाखवणार काय?

लिनक्स कर्नलचं उदाहरण घ्या. कर्नल सी मध्ये आहे, पायथनशी त्याचा संबंध नाही, तरी त्याचं डॉक्युमेंटेशन २०१६ पासून स्फिंक्सवर आहे. सी च्या फाइलींतल्या कॉमेंट उचलण्याचं काम तिथे कर्नल-डॉक नावाचं कर्नलवाल्यांचं स्वतःचं वेगळं साधन करतं. पानं लावणं, दुवे जोडणं, अनुक्रमणिका बनवणं एवढं स्फिंक्सकडे. "पायथनचं डॉक्सिजन" या वर्णनात हे कुठे बसतं?

पायथनच्या कोडमधून डॉकस्ट्रिंग, म्हणजे फंक्शन-क्लासच्या सुरुवातीला लिहिलेली वर्णनं, काढायच्या असतील तर ऑटोडॉक हे एक्स्टेन्शन मुद्दाम चालू करावं लागतं. आणि खरी ठेच लागते ती इथे.

डॉक्सिजन तुमची फाइल मजकूर म्हणून वाचतं. त्यातला कोड कधीच चालत नाही. लायब्ररी बसवलेली नसली, डेटाबेस बंद असला, अगदी कोड कंपाइल होत नसला तरी ते आपलं वाचत राहतं. ऑटोडॉक तुमचं मॉड्यूल, म्हणजे पायथनची फाइल, इम्पोर्ट करतं. इम्पोर्ट म्हणजे मॉड्यूलच्या वरच्या पातळीवरची प्रत्येक ओळ खरोखर चालणं. लोकलचं वेळापत्रक वाचणं आणि लोकलमध्ये चढणं यात जेवढा फरक, तेवढा हा आहे. रविवारचा मेगाब्लॉक वाचणाऱ्याला कळत नाही, चढणाऱ्याला बरोबर कळतो.

याचे परिणाम एकामागून एक येतात. पहिला तर सगळ्यांनाच भेटतो. तुमच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत बनतं, कारण तिथे सगळ्या लायब्ररी आहेत. तेच काम पानं आपोआप बनवणाऱ्या बिल्ड सर्व्हरवर गेलं की मॉड्यूल सापडत नाही. मग स्फिंक्स थांबतं का? नाही. एक वॉर्निंग छापतं, तो भाग वगळतं आणि बिल्ड यशस्वी म्हणून सांगतं. एपीआयचं, म्हणजे फंक्शन-क्लासच्या माहितीचं, पान रिकामं, आणि कुणाला पत्ताच नाही. वॉर्निंगला एरर मानणारा डब्ल्यू हा पर्याय म्हणूनच आहे. तो पहिल्या दिवसापासून लावा. यावर मला चर्चा नको.

दुसरा परिणाम जास्त वाईट. कुणी मॉड्यूलच्या वरच डेटाबेसला कनेक्शन उघडून ठेवलेलं असतं, कुणी तिथेच कॉन्फिगची फाइल वाचतं, कुणाची स्क्रिप्ट तर इम्पोर्ट होताच कामालाच लागते. डॉक्युमेंटेशन बनवायला गेलात आणि स्क्रिप्टने ग्राहकांना ईमेल पाठवायला सुरुवात केली, तर त्यात स्फिंक्सची काही चूक नाही. फाइल थेट चालवली तरच काम सुरू व्हावं, यासाठीची मेनची अट पायथनमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. ती लावायचा कंटाळा डॉक्युमेंटेशन बनवताना उघडा पडतो.

तिसरा परिणाम फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. फंक्शनच्या आर्ग्युमेंटची डीफॉल्ट किंमत इम्पोर्टच्या वेळी ठरते आणि ऑटोडॉक तीच छापतं. तुम्ही तिथे वापरकर्त्याच्या होम फोल्डरचा पत्ता काढणारा कोड लिहिला असेल, तर छापलेल्या पानावर बिल्ड करणाऱ्याच्या मशीनवरचा पत्ता येतो, युजरनेमसकट. कोडमध्ये लिहिलंय तसंच दाखवण्यासाठी प्रिझर्व्ह डीफॉल्ट्स नावाची सेटिंग आहे, पण ती आपणहून चालू नसते. फंक्शनला बाहेरून गुंडाळणाऱ्या डेकोरेटरचंही तसंच. पायथनच्या फंक्टूल्स लायब्ररीतलं रॅप्स न वापरता डेकोरेटर लिहिला, तर मूळ फंक्शनची डॉकस्ट्रिंग इम्पोर्टनंतर उरतच नाही. फाइल उघडली की डोळ्यांना दिसते, बनलेल्या पानावर मात्र गायब.

मग चालवून बघण्याचा हा खटाटोप कशासाठी? पायथनमध्ये बऱ्याच गोष्टी कोड चालल्यावरच अस्तित्वात येतात म्हणून. चालताना तयार झालेले क्लास, सी मध्ये लिहिलेली एक्स्टेन्शन्स, हे सगळं नुसती फाइल वाचून हाती लागत नाही. पायथनसाठी मी ऑटोडॉकच निवडतो. पायथनच्या प्रकल्पावर डॉक्सिजन लावलेलं दिसलं की समजावं, आधीच्या सी++ प्रकल्पातली डॉक्सीफाइल कुणीतरी तशीच उचलून आणली आहे.

लायब्ररी सापडत नसेल तर मॉक इम्पोर्ट्सची सोय आहे. दिलेल्या नावांच्या जागी स्फिंक्स बनावट मॉड्यूल उभी करतं. जीपीयू लागणाऱ्या जडजंबाल लायब्ररींसाठी ते ठीक. पण वीस-वीस नावांची यादी बनवून निम्मा प्रकल्प मॉक करणाऱ्यांनी सरळ बिल्ड सर्व्हरवर लायब्ररी बसवाव्यात. आणि कोड इतका जुना, इतका गुंतलेला असेल की इम्पोर्ट करायचीच धास्ती वाटते, तर स्फिंक्ससाठीच ऑटोएपीआय नावाचं वेगळं एक्स्टेन्शन आहे. ते इम्पोर्ट न करता नुसतं वाचतं.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. स्फिंक्सच्या मूळ लेखनपद्धतीचा, रीस्ट्रक्चर्डटेक्स्टचा, जाच वाटतो? मिस्ट नावाचं एक्स्टेन्शन लावा आणि मार्कडाउन या सोप्या लेखनपद्धतीत लिहा. डॉक्सिजनलाही मार्कडाउन कळतं. थीम आवडत नाही, तर बदला. डॉक्सिजन जीपीएल परवान्याखाली आहे आणि स्फिंक्स बीएसडी परवान्याखाली, पण त्यामुळे तुमच्या डॉक्युमेंटेशनवर कुठलंही बंधन येत नाही. यावर कॅन्टीनमध्ये तासभर वाद घालणारे मी पाहिले आहेत.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. स्फिंक्सचं पीडीएफ सहसा पीडीएफलाटेक या इंजिनवर बनतं आणि देवनागरी आली की ते अडखळतं. इंजिन बदलून झीलाटेक करा आणि देवनागरी असलेला फॉन्ट नाव घेऊन द्या.

एक चीड मात्र बोलून टाकतो. एक्स्ट्रॅक्ट ऑल ही सेटिंग चालू करून डॉक्सिजनमधून शेकडो पानं काढायची, कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून काळ्या कव्हरात बाइंड करून घ्यायची आणि वर सोनेरी अक्षरांत 'प्रोजेक्ट डॉक्युमेंटेशन' छापायचं. त्या सेटिंगने फक्त एवढंच होतं, की कॉमेंट नसलेली फंक्शनही यादीत येतात. परीक्षक पानं चाळतो, त्यात नावांपलीकडे काही नसतं.

सी++ चं इंजिन आणि वर पायथनचं आवरण असा प्रकल्प असेल, तर दोन्ही वापरा. डॉक्सिजनला एक्सएमएल काढायला सांगायचं आणि ब्रीद हे एक्स्टेन्शन ते एक्सएमएल स्फिंक्सच्या पानांत आणतं. क्रम तेवढा सांभाळा: आधी डॉक्सिजन, मग स्फिंक्स. ब्रीद डॉक्सिजनला आपणहून चालवेल अशा भरवशावर राहिलात, तर गेल्या महिन्याचं एक्सएमएल नव्या पानांत येऊन बसेल आणि त्याची वॉर्निंगही मिळणार नाही.