वाघाचा फोटो काढायचाय? परवानगी कोणती, कागद कोणते

"वाघ त आमच्याच वावरातून जाते, मंग परवानगी कायची?" व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे कोअर जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या गावांत पोरं हे हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्याच्या हद्दीत राहणाऱ्याला, तिथे जमिनीचा हक्क असलेल्याला आणि सार्वजनिक रस्त्याने जाणाऱ्याला वेगळा परवाना लागत नाही. पण ही सूट राहण्या-येण्याजाण्यापुरती. कॅमेरा घेऊन जंगलात शिरायचं, तर कलम २८ खालचा परवाना हवा. राष्ट्रीय उद्यानांनाही हेच लागू आहे.

हौशी छायाचित्रकारासाठी सफारीचं तिकीट हाच परवाना. राज्यातल्या ६ व्याघ्र प्रकल्पांपैकी ५ विदर्भात आहेत: ताडोबा-अंधारी, पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिरा आणि बोर. बुकिंग ऑनलाइन होतं. प्रत्येकाचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच भरा आणि बुकिंगला दिलेलंच ओळखपत्र मूळ प्रतीत सोबत ठेवा. झेरॉक्सच्या भरवशावर पहाटे ताडोबाचं मोहर्ली किंवा कोलारा गेट गाठू नका. एका जिप्सीत ६ पर्यटक बसतात, गाईड सक्तीचा असतो. मोठ्या लेन्सचं शुल्क बुकिंग करतानाच पाहून घ्या. ताडोबाचा कोअर मंगळवारी आणि पावसाळ्यात बंद असतो. सफारीत मोबाईलला बंदी आहे, तेव्हा फोटोसाठी कॅमेराच लागेल.

माहितीपट, जाहिरात किंवा इतर व्यावसायिक चित्रीकरणाला हे तिकीट चालत नाही. त्यासाठी नागपूरला प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्याकडे अर्ज करावा लागतो, कारण मुख्य वन्यजीव रक्षक तेच. अर्जाला विषयाची संहिता, चमूतल्या प्रत्येकाचं नाव व ओळखपत्र, उपकरणांची आणि वाहनांची यादी, नेमके दिवस आणि ठिकाणं जोडा. अधिवासात बदल किंवा वन्यजीवांना त्रास होणार नाही, याची हमी लेखी द्या. २०२२ च्या दुरुस्तीने ही अट कायद्यातच आली आहे. ड्रोन किंवा स्वतःचा कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावायचा असेल, तर तसा स्पष्ट उल्लेख करा. अर्ज बराच आधी द्या, कारण तो त्या-त्या प्रकल्पाच्या क्षेत्र संचालकांपर्यंत जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाघ यावा म्हणून बोकड बांधणं किंवा हाका करून, म्हणजे आरडाओरडा करत हुसकून त्याला बाहेर काढणं, हे कायद्याच्या व्याख्येत शिकारच आहे. आमिष दाखवणं आणि हुसकणं हे दोन्ही शब्द त्या व्याख्येत आहेत. बंदूक हातात नसली तरी गुन्हा तोच. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सींनी वाघीण आणि तिच्या पिल्लांची वाट अडवली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की प्राण्यापासून किमान २० मीटर आणि दोन गाड्यांमध्ये ५० मीटर अंतर ठेवा. चांगल्या लेन्सला तेवढं अंतर जड नाही.

आणि धुऱ्यावर वाघ दिसला तर? तिथे फोटोसाठी थांबू नका, ठिकाण व्हॉट्सॲपवर टाकू नका. गर्दी जमली की वाघ बिथरतो आणि तेंदूपत्त्याला, मोहफुलं वेचायला गेलेल्या बाया मधात सापडतात. आधी त्यांना सावध करा, मग वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.