मोठ्या माशावरच नेम का?

गावोगावच्या पोट्ट्यांच्या मोबाइलवर हल्ली एका प्रकारचे व्हिडिओ फार फिरतात. निळंशार पाणी, पायांना लांब पंख लावलेला पाणबुड्या, हातात रबराने ताणलेली भाल्याची बंदूक आणि शेवटी त्याच्या छातीएवढा मासा. सोबत एक दावा हमखास असतो: ही सगळ्यांत नीतीची मासेमारी, कारण इथे माणूस मासा बघतो, निवडतो आणि मगच मारतो. भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावावर अशी स्पर्धा ठेवली तर काय बहार येईल, असंही मग कुणाच्या तरी डोक्यात येतं.

दाव्यात तथ्य आहे. समुद्राचा तळ खरवडत जाणारं ट्रॉलचं जाळं कोळंबीसाठी निघतं आणि नको असलेली पिल्लं, खेकडे सगळंच उपसून आणतं. पाण्यात तुटून राहिलेलं नायलॉनचं जाळं मालक विसरला तरी मासे अडकवत राहतं. भाल्याचं तसं नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पाठीवर हवेचं सिलिंडर चालत नाही. एका श्वासात जेवढी बुडी, तेवढीच शिकार. ठरलेल्या वजनाखालचा मासा मोजतही नाहीत. पण गुण वजनावर मिळतात, म्हणून पाणबुड्या लहानाला सोडून थोराला गाठतो. घोळ तिथेच आहे.

आपला अंदाज गाई-म्हशींवरून बांधलेला असतो. म्हैस थकली की वेत लांबतं, पुढे थांबतं. मग म्हातारा मासा मारला तर काय बिघडलं? माशांचं गणित उलटं चालतं. बहुतेक मासे आयुष्यभर थोडेफार वाढतच राहतात. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, कारण घनफळ लांबीच्या घनाने वाढतं. अंडी पोटात मावायची असतात, तेव्हा अंडीही आठपट होतील असं आपण धरतो. मत्स्यशास्त्रातही बराच काळ हाच हिशेब चालायचा: मादीचं वजन इतकं पट, तर अंडी तितकी पट.

2018 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात 342 समुद्री प्रजातींच्या माद्यांचा अभ्यास आला आणि हा हिशेब कोसळला. अटलांटिक कॉड माशाचंच घ्या. 30 किलोच्या एका मादीइतकी अंडी मिळवायला 2 किलोच्या 28 माद्या लागतात. वजनाचा हिशेब खरा असता तर 15 पुरल्या असत्या. शिवाय मोठ्या मादीचं प्रत्येक अंडंही जास्त सकस असतं. अंड्यांतली एकूण ऊर्जा मोजली तर बरोबरीसाठी 37 माद्या लागतात.

आता थोडं गणित, कारण मजा त्यातच आहे. अंडी वजनाच्या कितव्या घाताने वाढतात हे काढायचं. घातांक 1 असता तर 15 पट वजनाला 15 पट अंडी आली असती. 28 यायला घातांक सुमारे 1.23 लागतो, ऊर्जेच्या 37 पटीसाठी तो 1.33 च्या आसपास जातो. फरक किरकोळ दिसतो, पण तो घातांकात बसलेला आहे. म्हणून मादी जितकी मोठी तितकी दरी रुंद होत जाते. असं का होत असावं? लहान मादीला अन्नातला बराच वाटा अंग वाढवण्यावर खर्चावा लागतो, कारण लहान राहिली तर कुणीतरी गिळेल. मोठी झाल्यावर ती धास्ती कमी होते, वाढ मंदावते आणि उरलेला वाटा अंड्यांकडे वळतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या काळ्या रॉकफिशवरचा 2004 चा अभ्यास याच वाटेचा पुढचा टप्पा दाखवतो. वयस्क आईच्या पिल्लांजवळ तेलाचा साठा मोठा होता. ती तरुण आईच्या पिल्लांपेक्षा तिपटीहून वेगाने वाढली आणि उपाशी ठेवली तर दुपटीहून जास्त टिकली.

म्हणजे स्पर्धेच्या फोटोत खांद्यावर टाकलेली ती एक मादी नसते, पंचवीस-तीस माद्यांचं काम करणारी मादी असते. फ्लोरिडात रेड ड्रम मासा पकडायला 18 ते 27 इंचांचीच मुभा आहे. त्याहून लहान नको आणि मोठाही नको, ते याचसाठी.

सगळे मासे या चौकटीत बसत नाहीत. आपल्या कोकण किनाऱ्यावर मिळणाऱ्या हेकरूच्या (इंग्रजीत ग्रुपर) कुळात मासा आधी मादी असतो आणि पुरेसा मोठा झाला की नर होतो. तिथे मोठ्यांना वेचून मारलं की नरच संपतात. शिवाय हेकरू आपलं बीळ सोडून फार दूर जात नाही. त्याच्यावर नेम धरणं हे कौशल्य की गैरफायदा?

आणि ‘बघून निवडतो’ यातलं बघणंही तपासायला हवं. सपाट काचेच्या मुखवट्यातून पाण्यात वस्तू एक तृतीयांशाने मोठी दिसते. 45 सेंटीमीटरचा मासा 60 चा वाटतो. त्यावरून वजन काढलं तर ते खऱ्याच्या सव्वादोनपटीहून जास्त निघतं. मुरलेला पाणबुड्या ही वजाबाकी मनात करतो. नवख्याला भाला बाहेर ओढल्यावर कळतं.

आता मामा तलाव. पावसाळ्यात तिथे पाणी गढूळ, कडेला बेशरमीची झुडपं. हातभरापलीकडचं दिसत नाही. तरी मरळ भाल्याने मारता येते, कारण ती स्वतःच ठावठिकाणा सांगते. एक तर तिला हवेत श्वास घ्यायला वर यावंच लागतं. दुसरं म्हणजे मरळ पिल्लं राखते. लालसर पिल्लांचा पुंजका पाण्याच्या वरच्या थरात फिरत असतो आणि त्याच्या खालीच आई किंवा बाप असतो. पुंजक्याखाली भाला टाकला की नेम सहसा चुकत नाही. (काठावरून मारताना दिसतो त्याहून खाली मारायचं, कारण प्रकाश वाकल्यामुळे मासा वर आल्यासारखा दिसतो. ढिवरांच्या, म्हणजे इथल्या मासेमारांच्या, पोरांना हे शिकवावं लागत नाही.) राखणदार गेला की बेडकं आणि इतर मासे पिल्लांचा फडशा पाडतात. कॉडचे आकडे मरळीला जसेच्या तसे लावू नयेत, पण इथेही एका नेमात एकच मासा जात नाही.

मरळीवर आणखी एक संकट आहे, ते आपल्या श्रद्धेचं. मृगाच्या दिवशी हैदराबादला दमेकऱ्यांना औषध भरलेली जिवंत मरळ गिळायला देतात आणि विदर्भातूनही माणसं जातात. दमा श्वासनलिकांच्या सुजेचा. मासा जातो जठरात. तिथे तो मरतो आणि श्वासनलिकेपर्यंत काहीच पोचत नाही. इनहेलर महाग नाही आणि गिळावाही लागत नाही.

माशाला दुखतं का, हा प्रश्न उरतो. 2003 साली शास्त्रज्ञ लिन स्नेडन यांच्या गटाने ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणाऱ्या चेतापेशी दाखवल्या. ओठात आम्ल टोचल्यावर मासे ओठ खड्यांवर घासत होते. भाला मेंदूत बसला तर क्षणात संपतं, पोटात बसला तर नाही. स्पर्धेत घड्याळ चालू असताना घाईने नेम मारणं वाढत असावं.

सगळ्याच स्पर्धा वाईट असतात असं नाही. हिंद-प्रशांत महासागरांतला लायनफिश 1985 च्या सुमारास फ्लोरिडाजवळ दिसला आणि पुढे तिथल्या प्रवाळांवरचे मासे खात पसरला. तो गळाला सहसा लागत नाही, म्हणून तिथे त्याला भाल्याने मारण्याच्या स्पर्धा घेतात आणि बक्षीस सर्वांत जास्त माशांनाही देतात. आपल्याकडे तसा उपद्रवी पाहुणा म्हणजे आफ्रिकन मागूर हा मिशाळ मासा. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. पण तो तळाच्या गाळात राहतो आणि देशी मागुराला आणि त्याला मिशा आठच. गढूळ पाण्यात भाला मारून झाल्यावरच कळणार कोण मेला. तेव्हा पोट्ट्यांना स्पर्धाच घ्यायची असेल तर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जाळ्याने घ्यावी, आणि आधी ज्या ढिवर सोसायटीकडे तलावाचा ठेका आहे तिला विचारावं.