स्वस्त टिन व्हिसल: आवाज कसा असतो आणि तो कसा सुधारावा

सहा भोकांची नळी आणि तिला बसवलेले डोके, एवढीच टिन व्हिसल असते. सूर तयार होतो तो डोक्यात. फुंकलेली हवा जेमतेम मिलिमीटरभर उंचीच्या फटीतून चपटी होऊन निघते, खिडकी (डोक्याच्या वरच्या बाजूचे चौकोनी भोक) ओलांडते आणि समोरच्या धारेवर आपटते. जागा इतकी लहान असल्यामुळे साच्यातून निघताना राहिलेला प्लॅस्टिकचा केसाएवढा तुरासुद्धा आवाज बिघडवतो. एकाच खोक्यातल्या, एकाच कंपनीच्या दोन व्हिसल वेगवेगळ्या वाजतात त्या यामुळेच. नळी पितळी आहे की निकेलचा मुलामा दिलेली, याने आवाजात सांगण्यासारखा फरक पडत नाही. रंग आवडेल तो घ्या.

फरक पडतो तो नळीच्या आकाराने. सरळ नळी आणि प्लॅस्टिकचे डोके (जनरेशन, फेडोग वगैरे कंपन्यांच्या व्हिसल) असेल, तर आवाज स्वच्छ, टोकदार आणि वरच्या सप्तकात चांगलाच मोठा असतो. रॉबर्ट क्लार्क यांनी १८४३ साली इंग्लंडमध्ये पत्र्याच्या व्हिसल बनवायला सुरुवात केली. त्या घडणीच्या व्हिसलमध्ये पत्रा गुंडाळून केलेली निमुळती नळी आणि तोंडाशी लाकडी ठोकळा असतो. तिच्या सुरात हवेची सळसळ मिसळलेली असते आणि फुंक जास्त लागते. ही सळसळ म्हणजे बिघाड नव्हे. घरात, कमी आवाजात वाजवायचे असेल तर आम्ही आधी हीच सुचवतो.

पहिली व्हिसल डी पट्टीचीच घ्या, म्हणजे हार्मोनियमची पांढरी दोन. सहाही भोके बंद करून सा धरला, तर एकेक बोट उचलत सातही शुद्ध स्वर मिळतात. कोमल निषादासाठी डोक्याकडून मोजून फक्त दुसरे आणि तिसरे भोक बंद ठेवायचे. हा सूर काही व्हिसलवर किंचित चढा येतो; मग खालचे आणखी एखादे बोट ठेवून पाहा.

घेतल्यावर आधी हे करा. सहाही भोके बोटांच्या गाद्यांनी झाका, टोकांनी नको. हळू फुंकर घालतो तशी फुंक द्या आणि ती सावकाश वाढवत न्या. तळाचा सूर काही काळ टिकून मग वरच्या सप्तकात उडी मारायला हवा. फुंक लागताच उडी मारत असेल, तर बोटे पुन्हा तपासा, विशेषतः उजव्या हाताची अनामिका. नवशिक्यांच्या हातात व्हिसल किंचाळते ती बहुतेक वेळा भोकाची कड उघडी राहिल्यामुळे. बोटे चोख असूनही सूर टिकत नसेल, तरच दोष डोक्यात शोधा.

डोके उजेडाकडे धरून फटीतून आरपार बघा. प्लॅस्टिकचा तुरा किंवा धागा दिसला तर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची अरुंद पट्टी फटीतून दोन-तीनदा अलगद फिरवा. धारेला मात्र हात लावू नका. ती एकदा गोल झाली की डोके वाया गेले.

यापेक्षा मोठा फायदा एका सोप्या कामाने होतो. प्लॅस्टिकच्या बऱ्याच डोक्यांत फटीच्या जमिनीखाली पोकळी असते. नळीच्या बाजूने पाहिले की ती दिसते. पोस्टर चिकटवायची मळता येणारी पुट्टी काडीने त्या पोकळीत दाबून बसवा. पुट्टीचा पुढचा चेहरा फटीच्या जमिनीच्या कडेशी सपाट जुळला पाहिजे. पुढे आली तर सूर अडतो. बहुतेक व्हिसलमध्ये तळाचा सूर स्थिर होतो आणि वरचा कर्कशपणा कमी होतो. नाही आवडले तर पुट्टी काढून टाका.

सूर जुळवण्यासाठी डोके सरकायला हवे. चिकटवलेले असेल तर फक्त सांध्याचा भाग अर्धा मिनिट कडक गरम पाण्यात धरा आणि फडक्याने पिळत सोडवा. लाकडी ठोकळ्याच्या व्हिसलवर हा प्रयोग करू नका, लाकूड फुगते. डोके बाहेर ओढले की सूर उतरतो, पण सगळीकडे सारखा नाही. एक मिलिमीटरने तळाचा सूर साधारण ६ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन सुरांमधल्या अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरतो, तर सगळी भोके उघडी असतानाचा सूर जवळपास दुप्पट. म्हणून तीन-चार मिलिमीटरच्या पुढे ओढाल तर आतले स्वर एकमेकांशी जुळेनासे होतात. ट्यूनर लावण्यापूर्वी व्हिसल हातात गरम करा. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की सूर सुमारे ३ सेंट चढतो, आणि थंड व्हिसल नेहमीच उतरलेली वाटते.

वाजवताना मध्येच आवाज घोगरा झाला, तर श्वासातली वाफ गार फटीत थेंब होऊन साचली आहे. खिडकीवर बोट ठेवून एकदा जोरात फुंका. हे वारंवार होत असेल तर एक चमचा पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब मिसळा, ते पाणी फटीतून सोडा आणि न धुता वाळू द्या. साबणामुळे पाण्याचा थेंब बनत नाही, ते पातळ पसरून वाहून जाते. लाकडी ठोकळ्यासाठी हा उपाय नाही. ती व्हिसल वाजवण्याआधी ऊबदार ठेवणे एवढेच पुरते.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी: फुंक वाढवून आवाज मोठा करता येत नाही, सूरच चढतो. खालचे सप्तक हलक्या फुंकेने, वरचे ठाम फुंकेने, आणि प्रत्येक सुराची सुरुवात जिभेने ‘तु’ म्हणून. वरच्या सप्तकातले शेवटचे दोन सूर घाबरत फुंकले तर फाटतात, म्हणून तिथे फुंक अडखळू देऊ नका.

धार वाकडी असेल, भोकाची कड बोटाला कापत असेल किंवा नळीचा सांधा उघडलेला असेल, तर घरी काही करू नका. व्हिसल बिलासोबत परत आणा, आम्ही बदलून देऊ.