हलालखोर कर ते मलनिःसारण कर

मुंबईत मालमत्ता कराचं बिल आलं की नजर थेट तळाच्या रकमेवर जाते. मधले रकाने एकदा सावकाश वाचावेत. सर्वसाधारण कर, जल कर, जल लाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथ कर. शहरात एकेक सोय कशी उभी राहिली, हे त्यांतून दिसतं.

१८६० मध्ये विहार तलावाचं पाणी मुंबईला मिळालं. तोवर सगळी भिस्त विहिरी आणि गावातल्या तळ्यांवर होती. पुढे १८८८च्या महापालिका कायद्याने मालमत्ता करातच जल कर आणि ‘हलालखोर कर’ असे वेगळे भाग ठेवले. हा दुसरा शब्द आज बोचतो, आणि बोचायलाच हवा. घरामागच्या अरुंद गल्लीतून मैल्याच्या टोपल्या उचलून नेणाऱ्यांना हलालखोर म्हणत. जातीने त्यांना या कामाला जखडून ठेवलं होतं. पालिकेने ज्या भागात हे काम आपल्याकडे घेतल्याचं जाहीर केलं, किंवा ज्या घराचा संडास पालिकेच्या गटाराला जोडला होता, तिथेच हा कर लागे. पुढे त्याचं नाव मलनिःसारण कर झालं. गटारात उतरणारे हात मात्र अजूनही बहुतांशी त्याच वस्त्यांमधून येतात. करांवर बोलताना हे गाळून चालणार नाही.

‘लाभ’ कर निराळे. तलाव, जलवाहिन्या, मलप्रक्रिया अशा मोठ्या भांडवली कामांसाठी ते आहेत. रोजच्या पाण्याचं म्हणाल तर जिथे मीटर आहे तिथे जल कराऐवजी वापरानुसार आकारणी होते, आणि मलनिःसारण आकार त्या पाणीबिलाच्या ठरावीक टक्क्यांनी लागतो.

इतकी वर्षं पालिकेचा मुख्य आधार होता जकातीचा. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, जकात गेली, आणि तिच्या जागी राज्य सरकारची भरपाई आली. स्वतःच्या हातातलं मोठं उत्पन्न म्हणून मालमत्ता कराचं मोल त्यामुळे आणखी वाढलं.

२०१९ मध्ये ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी मिळाली, पण ती फक्त सर्वसाधारण कराची. बाकीचे रकाने तसेच राहिले, आणि माफी मिळूनही बिल का, हे लोकांना उमगेना. २०२२ मध्ये या घरांचा संपूर्ण मालमत्ता कर माफ झाला. पाण्याचं बिल वेगळं येतं. ते या घरांनाही भरावं लागतं.