आरसा उभा, चित्र आडवं: चौकट बंद करण्याआधी वाचा

(टू-वे काच, म्हणजे समोरून आरसा आणि मागच्या स्क्रीनचा उजेड आरपार सोडणारी काच, पॅनल किंवा स्मार्ट आरशाचं पूर्ण किट आमच्याकडून घेणाऱ्यांसाठी)

नमस्कार.

काच पोचली, चौकट जुळली, रास्पबेरी (रास्पबेरी पाय हा छोटा संगणक) सुरू झाली आणि मॅजिकमिरर या आरशाच्या सॉफ्टवेअरवर घड्याळ, हवामान, कॅलेंडर दिसायला लागलं. मग आरसा भिंतीवर उभा टांगला, तर सगळी अक्षरं आडवी पडलेली. आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात ते याच कारणासाठी, आणि फोन येईपर्यंत बहुतेकांचा अख्खा रविवार त्यात गेलेला असतो. चित्र फिरवायचं काम पाच मिनिटांचं आहे. बाकी वेळ जातो तो जुन्या सिस्टिमचा उपाय नव्या सिस्टिमवर करून बघण्यात, म्हणून त्याबद्दलच जरा सविस्तर लिहितो.

इंटरनेटवर शोधलं की पहिला सल्ला हमखास मिळतो: कॉन्फिग फाइलमध्ये (रास्पबेरीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) 'डिस्प्ले_रोटेट=1' ही ओळ टाका आणि मशीन पुन्हा सुरू करा. हा सल्ला त्या काळी बरोबर होता. नेदरलँड्सच्या मायकेल टेऊ यांनी 2014 मध्ये आपला आरसा लोकांसमोर मांडला, त्यातून पुढे मॅजिकमिरर उभं राहिलं, आणि त्या वर्षांत लिहिलेल्या बहुतेक माहितीत हीच ओळ आहे. पण नोव्हेंबर 2021 मध्ये रास्पबेरीच्या सिस्टिमची बुल्सआय ही आवृत्ती आली, स्क्रीनवर चित्र काढण्याचं काम नव्या ड्रायव्हरकडे गेलं, आणि हा ड्रायव्हर ती ओळ वाचतच नाही. चूक झाली असा संदेशही येत नाही. त्यामुळे माणसाला वाटतं आपलंच टायपिंग चुकलं, आणि तो तीच ओळ पुन्हा पुन्हा तपासत बसतो.

ऑक्टोबर 2023 च्या बुकवर्म या पुढच्या आवृत्तीपासून आणखी दोन बदल झाले. कॉन्फिग फाइल 'बूट'मधून 'बूट/फर्मवेअर' या फोल्डरमध्ये गेली. जुन्या जागी उघडलीत तर 'ही फाइल बदलू नका, ती हलवली आहे' एवढीच सूचना दिसते. दुसरं म्हणजे रास्पबेरी 4 आणि 5 वर स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या जुन्या एक्स11 व्यवस्थेच्या जागी वेलँड ही नवी व्यवस्था आली, आणि ऑक्टोबर 2024 पासून बाकीच्या मॉडेलांवरही तेच येतं. त्यामुळे एक्स11 साठीची 'एक्सरँडर' ही कमांड तिथे स्क्रीन फिरवत नाही. वेलँडसाठी 'डब्ल्यूएलआर-रँडर' आहे.

खरा घोळ यापुढे होतो. एक उपाय चालला नाही की दुसरा करून बघतात, मग तिसरा, आणि आधीचे काढत नाहीत. शेवटी कोणीतरी सुचवतं, मॅजिकमिररच्या 'कस्टम.सीएसएस'मध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये) पान 90 अंशांत फिरवा. पान फिरतं, पण स्क्रीन अजून 1920 बाय 1080 अशी आडवीच आहे असं सिस्टिम धरून चालते, म्हणून खालची कॅलेंडरची नोंद किंवा बातम्यांची पट्टी कापली जाते. मग एखाद्या दिवशी सिस्टिमचं फिरवणंही लागू होतं. दोन्ही एकाच दिशेने असली तर चित्र उलटं दिसतं, विरुद्ध दिशेने असली तर पुन्हा आडवं. या अवस्थेतलं मेमरी कार्ड (ज्यावर रास्पबेरीची सिस्टिम असते) आमच्याकडे आलं की आम्हाला आधी हे थर एकेक करून उतरवावे लागतात, आणि वेळ त्यातच जातो.

म्हणून विनंती अशी की चित्र एकाच ठिकाणी फिरवा, आणि दुसऱ्या उपायाला हात लावण्याआधी पहिल्याची ओळ काढून टाका.

बुकवर्मवर सगळ्यात सोपा मार्ग माउसचा. मेनूतल्या प्रेफरन्सेसमध्ये 'स्क्रीन कॉन्फिगरेशन' उघडा, आपल्या स्क्रीनवर राइट क्लिक करा, 'ओरिएंटेशन'मध्ये लेफ्ट किंवा राइट निवडा आणि लागू करा. नंतर येणाऱ्या चौकटीत लगेच 'ओके' करा, नाहीतर काही सेकंदांत चित्र पूर्ववत होतं. अनेकजण इथेच फसतात, कारण मान वाकडी करून ती चौकट वाचेपर्यंत वेळ संपलेला असतो. नव्या ट्रिक्सी आवृत्तीत हेच पान 'कंट्रोल सेंटर'मध्ये आहे. कमांडनेच करायचं असेल तर ती किटमधल्या पिवळ्या माहितीपत्रकावर इंग्रजी अक्षरांत छापली आहे. तिथली जागा, हायफन, कॅपिटल अक्षरं जशीच्या तशी घ्या.

कमांड दिली आणि 'आउटपुट सापडलं नाही' असं उत्तर आलं तर आधी केबल बघा. रास्पबेरी 4 आणि 5 ला मायक्रो एचडीएमआयची दोन भोकं असतात. पॉवरच्या यूएसबी-सी जवळचं पहिलं, त्याच्या शेजारचं दुसरं. केबल दुसऱ्यात असेल तर आउटपुटचं नाव बदलतं आणि पहिल्यासाठीची कमांड वाया जाते. आम्ही पहिल्या भोकाशेजारी पांढरा ठिपका देतो, तो याचसाठी.

लेफ्ट घ्यायचं की राइट, हे वायरीवरून ठरवा: पॅनलचं वायरीचं सॉकेट भिंतीवरच्या प्लगच्या बाजूला यायला हवं. पण तुमचा पॅनल जुन्या मॉनिटरमधून काढलेला टीएन जातीचा (स्वस्त, एका बाजूने पाहिल्यावर रंग बिघडणारा) असेल तर आधी दुसरी गोष्ट बघा. असा पॅनल आडवा असताना खालून पाहिला की काळवंडतो, रंग उलटे दिसतात. उभा केल्यावर ती खालची कड डावीकडे किंवा उजवीकडे येते. दारातून येणाऱ्या माणसाच्या बाजूला ती कड आली तर त्याला घड्याळ नीट दिसत नाही. ती कड भिंतीच्या कोपऱ्याकडे जाईल अशा बेताने फिरवा. आयपीएस या दुसऱ्या जातीच्या पॅनलला हा प्रश्न येत नाही आणि उभ्या आरशासाठी आम्ही तोच सुचवतो, थोडा महाग पडला तरी. जुना पॅनल वापरायचा असेल तर खुशाल वापरा, फक्त काच कापून घेण्याआधी तो दुकानात आणून उभा धरून बघा. आम्ही वीज जोडून देऊ, त्याचे पैसे घेत नाही.

काही गोष्टी फिरवल्यानंतरही आडव्याच राहतात, त्यांत बिघाड नाही. मॉनिटरचं बटण दाबल्यावर येणारा ब्राइटनेसचा मेनू मॉनिटर स्वतः काढतो, त्याला रास्पबेरीने काय फिरवलं याचा पत्ता नसतो. सुरुवातीला क्षणभर दिसणारा रंगीत चौकोनही तसाच. स्पर्शाची फ्रेम लावली असेल तर चित्र फिरवल्यावर बोट एकीकडे आणि प्रतिसाद भलतीकडे, असं होऊ शकतं. स्पर्श वेगळा जुळवावा लागतो, तेव्हा फोन करा.

आता आमच्या पद्धतीबद्दल. 'एक कमांड सांगा ना' असा फोन आला की आम्ही उलट विचारतो: मॉडेल कोणतं, सिस्टिमची आवृत्ती कोणती, आजवर काय काय करून पाहिलं? काहींना ही टाळाटाळ वाटते. पण वर लिहिलेलं वाचल्यावर लक्षात येईल की या तीन उत्तरांशिवाय दिलेली कमांड म्हणजे आणखी एक थर. चौकटीची पाठ आम्ही सिलिकॉनने न चिकटवता स्क्रूवर देतो, तेही जाणूनबुजून. पॅनल, केबल, कार्ड यांना कधी ना कधी हात लावावा लागतोच, आणि चिकटवलेली पाठ उचकटताना काचेच्या कडेचा लेप निघतो. तशी काच आम्हाला बदलून देता येत नाही. कोकणात किंवा मुंबईत आरसा न्हाणीघराजवळ लागणार असेल तर एमडीएफऐवजी (लाकडाच्या भुशाच्या पाटीऐवजी) मरीन प्लायची, म्हणजे ओल सोसणाऱ्या प्लायवुडची, पाठ मागा. एमडीएफ पावसाळ्यात फुगतो आणि स्क्रूची पकड जाते.

एवढं करायला वेळ नसेल तर किटसोबत तयार मेमरी कार्ड घ्या. तुमचं मॉडेल आणि वायर कोणत्या बाजूला हवी ते सांगितलंत की चित्र फिरवून, चोवीस तास चालवून मगच आम्ही ते पाठवतो. पूर्ण किट घेणाऱ्यांना त्याचे वेगळे पैसे नाहीत. जुनं कार्ड दुरुस्तीला आणणार असाल तर अडॅप्टरही आणा. रास्पबेरी 4 ला 5.1 व्होल्ट, 3 अँपिअरचा लागतो. मोबाइलच्या साध्या चार्जरवर रास्पबेरी मध्येच बंद होऊन सुरू होते, आणि ते दुरुस्त करायला कार्ड उघडायची गरजच नसते.