धर्मादाय रुग्णालयातली राखीव खाट: कोणाला मिळते, कागद कोणते लागतात

एका ट्रस्टच्या रुग्णालयात बिलाच्या खिडकीपाशी रांगेत उभा होतो. माझ्या पुढच्या बाई नवऱ्याच्या डिस्चार्जचं बिल पुन्हा पुन्हा वाचत होत्या. प्लास्टिकच्या पिशवीतल्या कागदांत त्यांचं पिवळं रेशनकार्डही होतं. भरती करताना ते कोणी मागितलं नाही, आणि दाखवायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. तेव्हापासून भेटेल त्याला हे सांगतो: धर्मादाय सवलत भरतीच्या दिवशीच मागा, डिस्चार्जपर्यंत थांबू नका.

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक खाली ही सोय आहे. उच्च न्यायालयाने मंजूर केलेली योजना २००६ पासून लागू आहे. ट्रस्टच्या रुग्णालयांना करात सूट मिळते, कित्येकांना सवलतीत जमीन किंवा जादा एफएसआय, म्हणजे जास्तीच्या बांधकामाची परवानगी, मिळालेला असतो. त्या बदल्यात २० टक्के खाटा राखून ठेवायच्या: १० टक्के निर्धन रुग्णांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. खर्च भागवायला रुग्णालयाने एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’त टाकायची असते. म्हणजे वर्षाला १०० कोटींची बिलं होत असतील, तर २ कोटी गरिबांच्या उपचाराचेच. म्हणून सवलत मागताना मान खाली घालू नका. समाजाने ती किंमत आधीच मोजलेली आहे.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन गटात येतो, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल गटात. महिन्याला १५ हजार आणि ३० हजार, असा हिशोब डोक्यात ठेवा. निर्धन रुग्णाचा उपचार मोफत. दुर्बल गटात खाट, निवासी डॉक्टर, नर्सिंग, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लागत नाहीत. बाकीच्या सेवा सवलतीच्या दराने मिळतात. औषधं, इम्प्लांट (शरीरात बसवायचे स्टेंट, कृत्रिम सांधे) वगैरे रुग्णालयाच्या खरेदीच्या भावाने लावायचं असतं आणि त्यातला किमान निम्मा भार रुग्णाने उचलायचा असतो. हृदयाची किंवा सांध्याची शस्त्रक्रिया असेल तर खरा फरक इथेच पडतो, कारण बिल फुगतं ते इम्प्लांटमुळे. त्याची खरेदी किंमत जरूर विचारा.

कागद थोडेच लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, किंवा रेशनकार्ड अथवा दारिद्र्यरेषेचं कार्ड. जोडीला रुग्णाचं आधार कार्ड आणि डॉक्टरांनी भरतीचा सल्ला दिलेला कागद ठेवा. दाखला सेतू केंद्रातून निघतो, पण त्याला दिवस लागतात. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली असेल तर आजच अर्ज टाका.

रुग्णालयात गेल्यावर थेट वैद्यकीय समाजसेवकाला गाठा. कागद तपासणं, अर्ज भरून घेणं हे त्यांचं काम. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दलही तिथेच विचारा. मात्र त्या योजनेला यादीतला उपचार आणि योजनेत असलेलंच रुग्णालय लागतं. तसं नसेल तेव्हा धर्मादाय खाट हाच आधार.

अपघात किंवा झटका आला असेल तर कागद नंतर. जीव वाचवण्याचा उपचार आधी सुरू करणं रुग्णालयावर बंधनकारक आहे आणि अशा वेळी अनामत रक्कम मागता येत नाही.

‘खाट रिकामी नाही’ असं सांगितलं तर तेच लेखी मागा. तुमच्या विभागाच्या धर्मादाय सहआयुक्तांच्या (ट्रस्टवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या) कार्यालयात तक्रार करता येते. तक्रारीत रुग्णाचं नाव, भरतीची तारीख, नकार कोणी दिला आणि उत्पन्नाचा पुरावा एवढं साध्या मराठीत लिहा, अर्जाची शिक्का मारलेली प्रत जोडा आणि पोच घ्या.