तैग्रीसवरची रसद आणि ऑक्टोबर १९१५ची तार

पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या हिंदी फौजेने तुर्कांविरुद्ध मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, केलेल्या मोहिमेचा विषय निघाला की चर्चा थेट कूत या गावाच्या वेढ्यावर जाते आणि सगळं खापर वेढ्यात अडकलेल्या सेनापती टाऊनशेंडच्या माथी फुटतं. पण वेढा पडला ७ डिसेंबर १९१५ला. मोहीम त्याआधीच तैग्रीस नदीवर फसली होती, आणि ती कशी फसली हे कळायचं तर आगबोटी, त्यांच्या बाजूला बांधून न्यायच्या मालाच्या होड्या म्हणजे पडाव, आणि पाण्याची खोली यांचा हिशेब मांडावा लागतो.

मुंबईहून समुद्रापार फौज नेणं ही जुनीच गोष्ट. १८०१ साली इजिप्त, १८५६-५७ला इराणचं बुशेहर, १८६८ला अ‍ॅबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया. अ‍ॅबिसिनियाच्या वेळी सुमारे १३,००० सैनिक आणि ४४ हत्ती गेले. झुलाच्या किनाऱ्यावर आधी धक्के बांधले, समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं बसवली, रेल्वेचे रूळ टाकले आणि मगच फौज डोंगर चढली. हा अनुभव मुंबईच्या दप्तरात लिहून ठेवलेला होता. सत्तेचाळीस वर्षांनी तो कोणी उघडून पाहिलेला दिसत नाही.

१६ ऑक्टोबर १९१४ला पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनची एक ब्रिगेड मुंबईहून निघाली तेव्हा काम मर्यादित होतं: अबादानचा तेल कारखाना आणि इराणच्या आखाताचं तोंड सांभाळायचं. ६ नोव्हेंबरला नदीच्या मुखावरचं फाव घेतलं, २२ला बसरा. तिथवर मोठी जहाजं जातात, त्यामुळे अडचण जाणवली नाही. बसऱ्याला धक्काच नव्हता. जहाजं नदीच्या मध्यावर नांगरायची, माल महैला नावाच्या देशी शिडाच्या होड्यांत उतरवायचा, महैला काठाच्या चिखलाला लावायच्या आणि हमालांनी पाठीवरून वर न्यायचा. एका ब्रिगेडला हे चालून गेलं. फौज वाढली तशी जहाजं ताटकळत राहू लागली, आणि अडकून पडलेलं जहाज म्हणजे पुढच्या फेरीतलं एक जहाज कमी.

खरा घोळ बसऱ्याच्या वरच्या अंगाला, कुर्णा गावापासून पुढे सुरू होतो. बसऱ्याहून बगदाद नदीने सुमारे ८०० किलोमीटर. वाटेत एझ्राच्या कबरीपासून पुढे नदी इतकी अरुंद आणि वळणांची होते की दोन्ही बाजूंना पडाव बांधलेली आगबोट काठाला घासत जाते, आणि समोरून दुसरी आली तर एकीला थांबावंच लागतं. पाण्याचं वेळापत्रकही उलटं. सप्टेंबर ते नोव्हेंबर पाणी सर्वांत कमी, मार्च ते मे डोंगरातलं बर्फ वितळून पूर. बोट गाळात रुतली की आधी पडाव सोडायचे, माल हलका करायचा, नांगर पुढे टाकून बोट ओढून काढायची. यात अर्धा दिवस गेला की मागच्या सगळ्या बोटी खोळंबतात. त्यात साधं गणित असं की अंतर दुप्पट झालं तर तेवढ्याच बोटींतून रोज पोचणारा माल निम्म्यावर येतो, आणि बोटीला स्वतःचं इंधनही वाहावं लागतं. जून १९१५ला अमारा, सप्टेंबरअखेर कूत. प्रत्येक विजयाबरोबर फौजेचा शिधा आटत गेला. उथळ पाण्यात चालणाऱ्या बोटींची मागणी जुलैत गेली होती, पण नव्या बोटी बांधून, जोडून नदीवर यायला पुढचं वर्ष उजाडलं. समुद्र ओलांडायला त्या बनवलेल्याच नसतात, त्यामुळे हिंदुस्थानातल्या नद्यांवरच्या बोटी उचलून आणणंही सोपं नव्हतं.

याच काळात बगदादवर जायचं की नाही, हा प्रश्न आला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बोटींच्या अडचणीमुळे थांबायचा हुकूम निघाला होता. त्यावर फौजेच्या मुख्यालयाने कळवलं की बोटी हलक्या करून आणि पडाव ओढून अडचण सुटली आहे. लंडनमध्ये तुर्कांविरुद्धचीच गॅलिपोलीची मोहीम फसल्यामुळे एखादा ठळक विजय हवा होता. बगदाद घेता येईल, पण टिकवायला आणखी दोन डिव्हिजन लागतील, असा सल्ला मिळाला. त्या दोन डिव्हिजन फ्रान्समधून यायच्या होत्या, म्हणजे कित्येक आठवड्यांनी. २३ ऑक्टोबरला भारतमंत्र्यांची तार गेली. तिचा आशय असा: हाताशी असलेली फौज या कामाला पुरेशी आहे अशी मोहिमेचा सेनापती निक्सन याची खात्री असेल, तर त्याने बगदादवर कूच करावं.

या तारेत फौज पुरेशी आहे का एवढंच विचारलं आहे. बोटी पुरेशा आहेत का, हा प्रश्न त्यात नाही. ‘फौज’ म्हणजे पलटणी आणि तोफा एवढाच अर्थ लंडननेही घेतला, दिल्ली-सिमल्यानेही घेतला आणि सेनापतीनेही. १९१७च्या चौकशी आयोगाने सर्वांत मोठा दोष निक्सनच्या अतिआत्मविश्वासाला दिला. आत्मविश्वास नडला हे खरं. पण जो प्रश्न वरिष्ठांनी विचारायलाच हवा होता तो न विचारता निर्णय खाली ढकलायचा, आणि मग उत्तर चुकलं म्हणून खालच्याला धरायचं, हा न्याय पटत नाही. पहिल्या फळीतल्या डिव्हिजनच्या सेनापतीने, म्हणजे टाऊनशेंडने, तर एवढ्या फौजेवर पुढे जाऊ नये असं लेखी कळवलं होतं.

२२ नोव्हेंबरला बगदादच्या अलीकडे तेसिफोनला तुर्कांशी गाठ पडली. साडेचार हजारांच्या आसपास माणसं मारली गेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. जखमींना बिनस्प्रिंगच्या लोखंडी खेचरगाड्यांतून नदीवर आणलं आणि ज्या पडावांतून जनावरं आणि चारा आला होता त्यांतच भरलं. वेगळ्या इस्पितळ-बोटी नव्हत्याच. एका आगबोटीवर आणि तिच्या दोन पडावांवर सुमारे ६०० जखमी होते. बसऱ्याला ती येताना तिथल्या डॉक्टरला कडांवरून दोर लोंबताहेत असं वाटलं. जवळ आल्यावर कळलं की ती कठड्यावर वाळलेली विष्ठा होती, कारण हातपाय मोडलेल्या माणसांना हलताच येत नव्हतं. त्या डॉक्टरने तक्रार केली तेव्हा वरिष्ठांनी त्यालाच अटकेची धमकी दिली.

कूतच्या वेढ्याचे १४७ दिवस सर्वांना ठाऊक आहेत. पण एका गोष्टीकडे कमी लक्ष जातं. सुरुवातीला आत धान्य किती आहे याचा नीट शोधच घेतला नाही. महिना-दोन महिन्यांचा अंदाज कळवला गेला, म्हणून सोडवायला निघालेली फौज बसऱ्याला तुकड्या-तुकड्यांनी उतरली ती गाड्या, तोफा आणि इस्पितळं मागेच ठेवून, आणि जानेवारीत तशीच खंदकांवर तुटून पडली. त्यानंतर गावातली घरं तपासल्यावर धान्य सापडलं आणि घोडे कापून ८४ दिवस निघतील असा निरोप आला. वेढा सोडवण्याच्या साऱ्या प्रयत्नांत मेलेल्या आणि जखमी झालेल्यांची एकूण संख्या वेढ्यातून शरण गेलेल्यांपेक्षा जास्त आहे.

आत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. घोड्याचं मांस खाल्लं तर गावात रोटीबेटी बंद होईल, ही धास्ती धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा आल्यावरही लवकर सुटली नाही. मांस आणि भाजीपाला नसल्याने हिंदी शिपायांना स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाच्या आजाराने, गाठलं. गोऱ्या पलटणी घोडा खात होत्या, त्यांना स्कर्व्ही झाला नाही, पण मैद्याच्या पावामुळे ब१ जीवनसत्त्व न मिळून बेरीबेरी झाला. कोंड्यासकट कणकेवर असलेल्या हिंदी शिपायांत तो जवळपास नव्हता. एप्रिलात विमानांतून सुमारे ७.६ टन धान्य टाकलं, आणि २४ तारखेला २७० टन शिधा घेऊन निघालेली आगबोट नदीत आडव्या ताणलेल्या तारदोराला अडकली. २९ एप्रिलला सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. त्यांतले चार हजारांहून जास्त कैदेत मेले.

नंतर जे झालं ते आधी व्हायला हवं होतं. बसऱ्याजवळ माकिलला धक्के उभे राहिले, नदीवाहतुकीचं स्वतंत्र खातं झालं, हिंदुस्थानातून मीटरगेजचे रूळ आणि स्लीपर आले, बोटींचा ताफा कित्येक पटींनी वाढला. ही तयारी होईपर्यंत, म्हणजे १९१६च्या डिसेंबरपर्यंत, नव्या सेनापतीने पाऊल उचललं नाही. ११ मार्च १९१७ला बगदाद पडलं. एप्रिल १९४१मध्ये हिंदी ब्रिगेड पुन्हा बसऱ्याला आली तेव्हा धक्के आणि बगदादपर्यंतची रेल्वे तयार होती.